डबे तेच, माप वेगळं

"पोरानं मटण-अंडी सोडली ते एक वेळ समजू शकते हो, पण दूध, दही, तूपसुद्धा बंद? मग अंगात ताकद यायची कुठून? आणि मी काय रोज दोन स्वयंपाक करत बसू?"

असं विचारणाऱ्या आया आताशा माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला बऱ्याच येतात. या काकू कराडकडच्या. मुलगा बंगळूरला नोकरी करणारा, आता घरूनच काम करतो. प्राण्यांपासून मिळणारं काहीच खायचं नाही, असं त्यानं ठरवलेलं. सोबत तो ऑनलाइन दुकानातल्या वस्तूंची यादी घेऊन आला होता: बदामाचं दूध, टोफू, काजूचं चीज, प्रोटीन पावडर. महिन्याचा खर्च बघून काकूंचा जीव दडपला होता.

यादी बाजूला ठेवली आणि म्हटलं, तुमच्या फडताळातले डबे सांगा. काकूंनी फोनमधला फोटोच दाखवला. तूर, मूग, मसूर, मटकी, चवळी, हुलगे, बेसन, शेंगदाणे, तीळ, कारळे, ज्वारीचं नि नाचणीचं पीठ, पोहे, सुकं खोबरं, गूळ. म्हणजे आणायचं काहीच राहिलं नव्हतं. आठवड्याचे पदार्थ मोजले तर पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरली वांगी, कांदेपोहे, चवळीची आमटी असं निम्म्याहून जास्त जेवण मुलाला चालणारंच निघालं.

मग नेमका प्रश्न विचारला: चौघांच्या वरणाला डाळ किती घेता?

"अर्धी वाटी. पातळच आवडतं सगळ्यांना."

खरी मेख इथे होती. अर्धी वाटी म्हणजे साधारण 60 ग्रॅम डाळ. चौघांत वाटली की प्रत्येकाच्या ताटात 15 ग्रॅम आणि त्यातून प्रथिनं जेमतेम 3 ग्रॅम. आपण 'रोज वरण खातो' म्हणतो तेव्हा बहुतेक पिवळं पाणी खात असतो. दूध, दही, अंडी ताटात असली की ही उणीव झाकली जाते. ती काढली की उघडी पडते. त्यामुळे माझा सल्ला एवढाच होता की डबे बदलू नका, माप बदला.

हिशेबही सोपा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढ माणसाला किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. सगळी प्रथिनं धान्य-कडधान्यांतूनच येणार असतील तर मी किलोमागे 1 ग्रॅम धरते. मुलाचं वजन 60 किलो, म्हणजे 60 ग्रॅम. सकाळी पोहे आणि त्यात मूठभर दाणे, 11. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, 10. 50 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, 11. दाण्याची चटणी, 5. संध्याकाळी फुटाणे, 8. रात्री 40 ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, 9. भात, 6. झाले की साठ! मुलानं लगेच वजनकाटा मागवला. मापाचा अंदाज येईपर्यंत तो बरा, जन्मभर लागत नाही.

डाळी एकदम दुप्पट केल्या तर पोट फुगतं आणि तिसऱ्या दिवशी माणूस 'हे आपलं काम नव्हे' म्हणतो. म्हणून माप दोन-तीन आठवड्यांत वाढवायचं. कडधान्य रात्रभर भिजवून पाणी फेकायचं, मोड आणायचे, फोडणीत हिंग-ओवा सढळ हातानं घालायचा. जेवणात लिंबू हवंच, त्यानं लोह चांगलं शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा मात्र नको.

चहाची अडचण मोठी होती. सोयाचं दूध कडक चहात फाटलं, नारळाचं मुलाला आवडलं नाही. शेवटी तो गवती चहा घातलेल्या कोऱ्या चहावर आला. दुधाची जागा भरणारं काहीतरी शोधत बसण्यापेक्षा ती रिकामी सोडणं कधीकधी सोपं जातं, असं माझं मत आहे.

दूध गेल्यावर कॅल्शियमकडे मात्र लक्ष हवं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तिळात त्याहून कितीतरी जास्त, पण तीळ बिनपॉलिशचे हवेत, पांढरेशुभ्र सोललेले नकोत. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी आलटून पालटून ठेवली.

दोन स्वयंपाकांचा प्रश्न फोडणीपाशी सुटला. फोडणी तेलाची, तूप ज्याच्या त्याच्या ताटात वरून. कोशिंबिरीत दह्याऐवजी दाण्याचं कूट आणि लिंबू, ज्याला हवं त्यानं वाटीत दही घ्यावं. रविवारी रश्श्याचं वाटण एकच: खोबरं, कांदा, तीळ, कांदा-लसूण मसाला. मटणात घालण्याआधी मुलासाठी वाटीभर बाजूला काढायचं आणि त्यात सोयाबीन वड्या सोडायच्या. कधी अख्खा मसूर. तो तर त्यांच्याच भागातला खास पदार्थ, शिकवायला मी कोण?

एक गोष्ट मात्र फडताळात नाही, ती म्हणजे बी12. वनस्पतींतून हे जीवनसत्त्व भरवशानं मिळत नाही. इडलीचं आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना यांच्या नावानं फिरणारे मेसेज सोडून द्या. शरीरात साठा असल्यामुळे कमतरता लगेच जाणवत नाही, कधी काही वर्षांनी हातापायांना मुंग्या येतात, तेव्हा नसांवर परिणाम सुरू झालेला असतो. म्हणून तपासणी करून डॉक्टर सांगतील ती गोळी घ्यायचीच, यात तडजोड नाही. गरोदर बाई, लहान मूल, मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा रुग्ण असेल तर आहार बदलण्याआधीच डॉक्टरांशी बोलायचं.

रक्त मुलाचंच कशाला, काकूंचंही तपासायला सांगितलं. बी12 त्यांचंच जास्त कमी निघालं. सोमवार, गुरुवार, शनिवार त्यांचा मांसाहार नसतो, रविवारी रस्साच वाट्याला येतो, आणि दूध? "ते पुरतंच कुठं सगळ्यांना." आता गोळी दोघांना चालू आहे, आणि वरणाला डाळ दीड वाटी पडते.

आजी अजून नातवाच्या भातावर गुपचूप तूप सोडतात, अशी काकूंची तक्रार आहे. ते त्यांचं त्यांनी घरात मिटवावं.