एलायझावरून टाईप कळत नाही, रक्त पाठवा

दादा, साक्रीकडच्या तुमच्या वाड्यात मेंढ्यांची तोंडं सुजली, एलायझा या रक्ततपासणीत 'ब्लूटंग पॉझिटिव्ह' आलं, म्हणजे चिलटांमुळे पसरणारा 'निळी जीभ' हा विषाणूचा आजार. लस टोचूनही हे झालं, मग लस बोगस होती का, आणि रिपोर्टात टाईप (विषाणूचा उपप्रकार) का नाही, असं तुम्ही विचारलंय.

लसीवर एवढ्यात घसरू नका. ही एलायझा विषाणू शोधत नाही, त्याच्याशी लढायला शरीरानं बनवलेली रक्तातली प्रतिपिंडं शोधते, तीही व्हीपी-७ या प्रथिनाविरुद्धची. हे प्रथिन सगळ्या टाईपांत जवळपास सारखंच. म्हणजे आडनाव कळलं, नाव नाही. शिवाय लस टोचलेली मेंढी ठणठणीत असली तरी यात पॉझिटिव्ह येऊ शकते.

या विषाणूची जनुकं दहा तुकड्यांत असतात. टाईप ठरतो दुसऱ्या तुकड्यावरून, कारण बाहेरचं व्हीपी-२ प्रथिन त्याच्यावरून बनतं. आपल्याकडच्या पाच टाईपांच्या लसीत १, २, १०, १६ आणि २३ आहेत. वाड्यात यापलीकडचा टाईप फिरत असेल, तर लस चांगली असूनही मेंढ्या आजारी पडतील. त्यासाठीच टाईप हवा.

मग काय पाठवायचं? सिरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) नाही. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या, जांभळ्या बुचाच्या नळीत अख्खं रक्त. आधी पीसीआर (विषाणूची जनुकं शोधणारी तपासणी), मग दुसऱ्या तुकड्याचं सिक्वेन्सिंग, म्हणजे त्यातली अक्षरं वाचणं. हे तालुक्याच्या दवाखान्यात होत नाही. डॉक्टरांना सांगून नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागामार्फत पाठवायला लावा.

एक चूक मी स्वतः केलीय. नळ्या 'नीट राहाव्यात' म्हणून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये टाकल्या. सकाळी वितळल्यावर सगळं काळपट लाल पाणी. हा विषाणू तांबड्या पेशींना चिकटून असतो. पेशी फुटल्या की प्रयोगशाळेत जिवंत विषाणू वाढवून घेणं अवघड होतं. साध्या फ्रिजमध्ये, चार अंशाला ठेवायच्या. थर्मासमध्ये बर्फ आणि नळी यांच्यामध्ये कापडाची घडी घाला.

निकालात दोन टाईप आले तर नमुन्यांची अदलाबदल झाली असं समजू नका. एका मेंढीत दोन टाईप सापडतात, आणि तिथे त्यांचे तुकडे एकमेकांत मिसळतातही. भारतातल्या काही विषाणूंत पाश्चात्त्य घराण्याचे (आफ्रिका-अमेरिकेकडच्या विषाणूंचे) तुकडे निघालेत. दुसरा तुकडा टाईप सांगतो, बाकीचे नऊ कुठून आले ते सांगत नाही.

आणि हो, "जीभ तं निळी नही" म्हणून कुणी आजार नाकारू नये. जीभ क्वचितच निळी पडते. खुराच्या वरची लाल कडा आणि लंगडणं बघा. लाळ्या-खुरकुतातही लंगडतात, त्यामुळे तीही तपासणी सोबत मागा.

गाई-शेळ्यांत लक्षणं बहुधा दिसत नाहीत, पण चिलटं त्यांचंही रक्त पितात. वाड्याजवळ गाई बांधल्या असतील तर दोन-तीन नमुने त्यांचेही काढा. मेंढ्यांतल्या मात्र आज ताप असलेल्याच निवडा, तोंड सुकत आलेल्या नकोत. पीसीआर बरी झालेली मेंढीही बरेच आठवडे पॉझिटिव्ह दाखवतं; जिवंत विषाणू मात्र तापातच सापडायची जास्त शक्यता. नळीवर कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि लस टोचल्याची तारीख लिहा.