ईमॅक्स हा मजकूर-संपादक उघडल्यावर येणाऱ्या स्वागताच्या पानाऐवजी थेट माझी नोंदवही कशी उघडावी?

आपल्या इनिट फाइलमध्ये (ईमॅक्स सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘इनिशियल-बफर-चॉइस’ या चलाला (व्हेरिएबलला) नोंदवहीच्या फाइलचा पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावा; एवढी एक ओळ पुरेशी आहे, कारण या चलाला किंमत मिळाली की ईमॅक्स स्वागताचे पान दाखवतच नाही. ‘इनहिबिट-स्टार्टअप-स्क्रीन’ची किंमत ‘टी’ (म्हणजे ‘होय’) करण्याचा सल्ला बहुतेक ठिकाणी मिळतो आणि तो चुकीचा नाही, परंतु त्याने पान फक्त नाहीसे होते आणि समोर ‘स्क्रॅच’ बफर (उघडलेला मजकूर ठेवण्याची कच्ची जागा) येतो, म्हणजे नोंदवही पुन्हा हाताने उघडावीच लागते. पत्त्याऐवजी फंक्शनही देता येते. उदाहरणार्थ, दर दिवसाची वेगळी फाइल हवी असेल तर तोच मार्ग मला योग्य वाटतो, मात्र त्या फंक्शनने शेवटी बफर परत करायलाच हवा. हे सर्व ईमॅक्सच्या अंतर्गत मदतीत लिहिलेले आहे: कंट्रोल-एच दाबून सोडावे, मग व्ही दाबून चलाचे नाव टाइप करावे.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. खिडकीच्या तळाशी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची माहिती सांगणारी ओळ तरीही उमटू शकते. तिच्यासाठी ‘इनहिबिट-स्टार्टअप-एको-एरिया-मेसेज’ हे वेगळे चल आहे आणि तिथे ‘टी’ चालत नाही, स्वतःचे लॉगिन नावच लिहावे लागते. ही ओळ प्रत्येकाने स्वतः बंद करावी, संगणक-व्यवस्थापकाने सर्वांसाठी परस्पर बंद करू नये, म्हणून ही रचना मुद्दाम केलेली आहे.