स्वयंपाक करता करता इंग्रजी शब्द आणि व्याकरण शिकता येतं का?

हो, येतं. मी तसंच शिकले. तुम्ही लिहिलंय की व्याकरणाचे नियम पाठ आहेत पण तोंडातून वाक्य फुटत नाही, आणि आता फ्रिज, मिक्सर, ओव्हनवर इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायचं मनात आहे. चिठ्ठ्या राहू द्या. ती नावं आपण मराठी बोलतानाही वापरतोच. घोडं अडतं ते क्रियापदांशी.

'गॅस बंद कर' घ्या. मी कित्येक वर्षं 'क्लोज द गॅस' म्हणायचे आणि समोरच्याला कळायचं म्हणून कुणी दुरुस्तही करायचं नाही. मराठीत दार बंद होतं, डबा बंद होतो, गॅस आणि मिक्सरही बंदच होतात. इंग्रजीत 'क्लोज' करायचं ते उघडं असलेलं: दार, डबा, खिडकी. गॅस किंवा वीज थांबवायची तर 'टर्न ऑफ'. म्हणून 'ओपन द फ्रिज' बरोबर, कारण आपण त्याचं दार उघडतो. पण फ्रिज चालू करायचा असेल तर 'टर्न ऑन'. आच मंद करायची तर 'टर्न डाउन द हीट', वाढवायची तर 'टर्न अप'. एकाच बटणावर चार क्रियापदं, आणि चारही वेळा हात वेगळं काम करतो. यादी घोकून हे माझ्या लक्षात कधीच राहिलं नव्हतं.

आपलं 'भाजणे' तर मला फार आवडतं, कारण इंग्रजीत त्याची फोड करावी लागते. ब्रेडचा काप भाजला तर 'टोस्ट'. तोच ब्रेड कणकेपासून ओव्हनमध्ये भाजून तयार केला तर 'बेक'. बटाट्याच्या फोडींना तेल लावून ओव्हनमध्ये खरपूस केल्या तर 'रोस्ट'. जाळीवर थेट आचेवर धरलं तर 'ग्रिल'. चिरण्याचंही तसंच: 'चॉप' म्हणजे नुसतं चिरणं, 'स्लाइस' म्हणजे चकत्या, 'डाइस' म्हणजे चौकोनी तुकडे. मराठी शब्दाला एक इंग्रजी शब्द असा हिशोब मांडू नका. हातातलं काम बघा आणि त्याचा शब्द शोधा.

आता काळ. टोपलीतून कांदा उचला आणि मोठ्याने म्हणा, 'आय ॲम गोइंग टू चॉप ॲन अनियन.' (उच्चार 'अनियन'च, 'ओनियन' नाही.) सुरी चालू असताना म्हणा, 'आय ॲम चॉपिंग दि अनियन.' फोडी समोर पडल्या की 'आय हॅव चॉप्ड दि अनियन.' पहिल्या वाक्यात 'ॲन' आहे, कारण टोपलीतला कुठलाही कांदा चालला असता. एकदा फळीवर आला की तो ठरलेला कांदा झाला, म्हणून 'द', आणि स्वरापुढे त्याचा उच्चार 'दि'. मराठीत ही उपपदं नाहीत, त्यामुळे नियमाने ती अंगवळणी पडत नाहीत. टोपली ते फळी या अंतरात पडतात. 'हॅव चॉप्ड' तेव्हाच, जेव्हा काम झाल्याचा परिणाम समोर आहे. 'काल रात्री' असं म्हटलंत की 'हॅव' गळतो आणि नुसतं 'चॉप्ड' उरतं.

दुधावर लक्ष ठेवतानाही हेच करा. वर यायला लागलं की 'द मिल्क इज अबाउट टू बॉइल ओव्हर', उतू गेलंच तर 'इट हॅज बॉइल्ड ओव्हर'. 'बॉइलिंग वॉटर' म्हणजे उकळतं पाणी आणि 'बॉइल्ड वॉटर' म्हणजे उकळलेलं, मग ते आता गार का असेना. मराठीत हा फरक आपण कधी चुकत नाही. तोच धरून ठेवलात तर कंटाळा आला हे सांगताना 'आय ॲम बोअरिंग' म्हणणार नाही. 'बोअरिंग' म्हणजे कंटाळवाणी; कंटाळलेली ती 'बोअर्ड'.

एक खास मराठी चूक: कांदा सोनेरी 'होईपर्यंत' परता. त्या 'होई'मुळे 'अंटिल इट विल टर्न गोल्डन' तोंडात येतं. इथे 'अंटिल'नंतर 'विल' येत नाही, 'अंटिल इट टर्न्स गोल्डन' म्हणा.

'मच' आणि 'मेनी'वर फार वेळ घालवू नका. बोटांवर मोजता ती अंडी 'मेनी', वाटीने किंवा वजनाने घेता ते पीठ 'मच'. आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती 'कुक', 'कुकर' हे भांडं. टोस्टर, ग्राइंडर, पीलर या ओळीने गेलं की इथे हमखास पाय घसरतो.

उपकरणांसोबत येणाऱ्या पुस्तिका जपून ठेवा. 'अनप्लग बिफोर क्लीनिंग' एवढ्या तीन शब्दांत आज्ञार्थ आहे आणि 'बिफोर'नंतर 'क्लीन' नव्हे, 'क्लीनिंग' येतं हेही आहे. पण सावध राहा. पुस्तिका आणि पाककृती जागा वाचवण्यासाठी शब्द गाळतात. 'चॉप फाइनली अँड ॲड टू पॅन' हे छापील कागदावर चालतं, बोलताना तुटक वाटतं. म्हणून पाककृतीतली एक ओळ वहीत उतरवा आणि गाळलेले शब्द भरा: 'चॉप इट फाइनली अँड ॲड इट टू द पॅन.' मी रोज दोन ओळी करत होते. 'इट' आणि 'द' न आठवता आपोआप जागेवर यायला मला तीनेक महिने लागले.