‘चेहरे मी कोरेच ठेवते’

प्रिय रविवारची विद्यार्थिनी,

पुण्यातल्या लाइफ क्लासला, म्हणजे समोर बसलेल्या नग्न मॉडेलवरून चित्रं काढायच्या वर्गाला, तू आठ महिने जाते आहेस. चित्रांची फाइल नवऱ्याच्या हाती लागली, ‘उघड्या बाईची चित्रं घरात नकोत’ म्हणून त्याने तीन आठवडे अबोला धरलाय, आणि त्याची समजूत कशी काढू, असं तू विचारतेस. पत्र चार पानांचं आहे. मी अडकले तिसऱ्या पानावरच्या एका ओळीत: ‘चेहरे मी कोरेच ठेवते, तेवढी काळजी घेते.’

काळजी कोणाची गं?

किती बारकाईने लिहिलंयस तू! उजेडाच्या बाजूला येलो ऑकरचा पिवळा आणि बर्न्ट सिएनाचा तांबूस रंग, सावलीत पोटरीवर दिसणारी हिरवट झाक, पोझ सुटल्यावर मांडीवर उमटलेली चटईची नक्षी, पुन्हा तिथेच बसता यावं म्हणून पावलांभोवती ओढलेल्या खडूच्या रेघा. एवढं टिपणाऱ्या तुला आठ महिन्यांत त्या बाईंचं नाव कळलेलं नाही. चारही पानांत नुसती ‘मॉडेल’.

नवऱ्याला कागदावर फक्त शरीर दिसलं म्हणून तू चिडलीस. अगं, तू तरी तिथे दुसरं काय ठेवलंस?

चित्रकार सावळाराम हळदणकरांची दिवा घेतलेली स्त्री आठव, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली. जलरंगातलं चित्र. ज्योतीआड धरलेली बोटं लालसर उजळलेली आणि तोच उजेड चेहऱ्यावर. दिवा धरून उभी होती त्यांची लेक, गीता. चित्राची गोष्ट सांगताना लोक आजही तिचं नाव घेतात.

या कामाला येणाऱ्या कितीतरी बायकांनी घरी सांगितलेलं नसतं, हे मलाही ठाऊक आहे. ओळख पटायला नको, असं या बाईंनाही वाटत असेल. तसं असेल तर त्यांचा शब्द अखेरचा. पाठमोऱ्या काढ, हात काढ. पण तू विचारलंच नाहीस. परस्पर चेहरा गाळलास. त्यांच्या डोळ्यांत बघायची लाज तुला वाटते, आणि तिला तू काळजी म्हणतेस.

येत्या रविवारी पंधरा मिनिटं आधी जा. दोघींसाठी चहा ने. त्यांचं नाव विचार, तुझं सांग, चित्रं त्यांच्यापुढे ठेव आणि विचार, ‘चेहरा काढू का?’ हो म्हणाल्या तर त्या दिवशी गळ्याच्या खाली उतरायचं नाही. पूर्ण वेळ फक्त चेहरा, रंगात.

नवऱ्याशी त्यानंतर बोल. बाईंचं नाव मला कळवू नकोस, तुला ठाऊक झालं की पुरे.