गेममध्ये हात वर जातो, मग घरी का नाही?

"मॅडम, राग मानू नका, पण एक विचारतो," काका म्हणाले. "तो चष्मा लावला की हिचा हात पार कानापर्यंत जातो. घरी दोरीवर टॉवेल टाकताना मात्र डोळ्यांत पाणी. मग खरं काय समजायचं?"

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. हळूच म्हणाल्या, "मलाही तेच वाटतं हो. मी नाटक तर करत नाही ना?"

सिंहगड रोडचं हे जोडपं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. काकू छप्पन्न वर्षांच्या. डाव्या स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेली, काखेतल्या ग्रंथीही काढलेल्या. हात उचलला की काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली एक दोरी ताणल्यासारखी दिसायची. काकू तिला 'तार' म्हणत. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर अशी तार बऱ्याच जणींना येते. मी हे सांगत असताना काकूंनी स्वतःच काकांचं बोट धरून त्या तारेवर ठेवलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता चष्म्याचं. फिजिओथेरपिस्टने त्यांना व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारा चष्मा, लावून व्यायाम सुरू केले होते. समोर बाग दिसते, फळं तोडून टोपलीत टाकायची. फळ किती उंचावर ठेवायचं ते थेरपिस्ट ठरवते. भिंतीवर बोटं चढवायचा नेहमीचा व्यायाम काकू टाळायच्या, कारण तिथे समोर नुसती भिंत आणि सगळं लक्ष खांद्याकडे. बागेत नजर फळावर असते.

लक्ष दुसरीकडे गेलं की दुखणं खरोखरच कमी जाणवतं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हंटर हॉफमन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचं बर्फाचं आभासी जग तयार करवून घेतलं. पुढे २००४ साली त्यांच्या गटाने निरोगी माणसांना सोसेल इतका चटका देऊन मेंदूचे स्कॅन केले. व्हीआर चालू असताना वेदनेशी संबंधित भागांमधली हालचालच कमी झालेली दिसली. काकांना मी एवढंच म्हटलं, "खोटं दुखणं स्कॅनमध्ये कमी-जास्त होत नाही."

शिवाय भीती असते. टाके उसवतील, आत काही तुटेल, या धास्तीने हात महिनोन् महिने छातीशी धरला जातो, आणि न हलवल्याने खांदा आणखी आखडतो. बागेत काकू तेवढा वेळ ही धास्ती विसरत होत्या. टॉवेल टाकताना ती परत येत होती.

हे सांगताना मी हातचं राखून बोलत नाही: व्हीआरने कॅन्सर बरा होत नाही, आणि चष्मा काढल्यावर आराम बराचसा ओसरतो. केमो घेताना लावला तर वेळ लवकर सरल्यासारखा वाटतो, हेही अनेक जणींच्या बाबतीत दिसलंय. पण मळमळ असेल त्या दिवशी नको, चक्कर आली तर लगेच काढायचा. फिट्सचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं. आणि एक धोका मला फार महत्त्वाचा वाटतो. दुखणं कळलं नाही तर हात जास्त ताणला जाऊ शकतो, म्हणून फळाची उंची घरच्यांनी हौसेने वाढवायची नाही. हात जड वाटला, बांगडी घट्ट व्हायला लागली, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

काकूंना मी घरासाठी एकच गोष्ट सांगितली. टॉवेल नको, आधी हातरुमाल. टाकताना खांद्याकडे बघायचं नाही, दोरीवरच्या चिमट्याकडे बघायचं.

पुढच्या वेळी आले तेव्हा काकांनी आल्या आल्या सांगितलं, "गॅलरीतली दोरी वीतभर खाली बांधली."

"परत वर कधी घेऊ, विचारत होते," काकू म्हणाल्या. "म्हटलं, मी सांगेन तेव्हा. आणि एका वेळी दोन बोटंच."