घरातलं इंटरनेट पोफळींपलीकडच्या गॅरेजात

प्रश्न : आमचं घर डिचोली तालुक्यात, जुनं, चिऱ्यांच्या भिंतींचं. मागे पोफळी आणि थोडे माड, त्यांच्या पलीकडे साधारण ४५ मीटरवर पत्र्याचं गॅरेज. मुलगा तिथे गाड्यांची इलेक्ट्रिकल कामं करतो. स्कॅनर आणि लॅपटॉपला इंटरनेट लागतं. मागच्या खोलीत रिपीटर लावला, पण गॅरेजचं शटर ओढलं की सगळं बंद. गॅरेजची वीज घरच्याच मीटरवरून आहे, अर्थिंगचा खड्डा मात्र वेगळा. वायरमन म्हणतो, काळी कॅट-६ केबल माडांना बांधून नेतो. नेऊ द्यावी का? जुना राउटर घरात पडून आहे, त्याचा काही उपयोग होईल का?

— एक वाचक

उत्तर : वायरमनला थांबवा. अंतराचं त्याचं गणित बरोबर आहे. कॅट-६ वर १०० मीटरपर्यंत इंटरनेट व्यवस्थित जातं. पण तांब्याची तार एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून न्यायची, आणि तीही गोव्यात, हे मला मुळीच पटत नाही.

वीज थेट तारेवर पडावी लागत नाही. जवळपास कुठे कोसळली तरी लांब तारेत विजेचा दाब (व्होल्टेज) उसळतो. शिवाय तुमच्याकडे दोन अर्थिंग आहेत. वीज पडते त्या क्षणी दोन्ही खड्ड्यांजवळच्या जमिनीतला विजेचा दाब सारखा नसतो, आणि त्यांच्यामधली नेटवर्कची तार त्या फरकाला आयती वाट देते. मग राउटरचे पोर्ट जातात, कधी त्याला जोडलेला टीव्हीही जातो. सर्ज प्रोटेक्टर लावता येतो, पण तो चांगल्या अर्थिंगच्या जिवावर चालतो. आपली जांभ्याची जमीन मे महिन्यात ठणठणीत कोरडी असते, अर्थिंग सगळ्यात कमजोर असतं ते तेव्हाच, आणि वळवाचा गडगडाटही नेमका तेव्हाच. पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या फोंड्याच्या दुकानात जळके राउटर घेऊन येणाऱ्यांना मी आधी विचारतो, 'केबल बाहेरून नेलीय का?'

तेव्हा काच न्या. म्हणजे ऑप्टिकल फायबर. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे दोन अर्थिंगचा वादच मिटतो. पण केबल घेताना बघून घ्या. बाहेरून टाकायच्या बऱ्याच फायबर केबलींत आधाराला लोखंडी तार असते, आणि ती असली तर काच घेऊन काय मिळवलं? पूर्ण बिनधातूची, आधाराला एफआरपीची (फायबरग्लास-प्लास्टिकची) काडी असलेली, दोन्ही टोकांना कनेक्टर बसवून आलेली सिंगल-मोड केबल मागा. अंतर ४५ मीटर असलं तरी वळणं आणि भिंती धरून ६० मीटरची घ्या. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तारेतला सिग्नल प्रकाशात आणि प्रकाश पुन्हा तारेतल्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी, लागेल. एकाच काचेवर चालणारी जोडी घेतलीत तर एका बाजूला 'ए', दुसऱ्या बाजूला 'बी' हवा. दोन्ही 'ए' आणलेत तर जोडणीचा दिवाच लागणार नाही. गिगाबिटचीच घ्या. निळ्या कनेक्टरला निळाच जोडा, हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, ते निळ्याशी नीट जुळत नाही.

माडांना मात्र काहीच बांधू नका. झाड वाऱ्याने हलतं, झावळ पडते आणि नारळ पाडणारा पाडेली चढला की त्याच्या कोयत्यापुढे तुमची केबल काय टिकणार! दीड फूट खोल चर खणून एचडीपीईचा (जाड प्लास्टिकचा) पाइप पुरा. विजेच्या वायरीला वेगळा पाइप द्या. वळणं ऐसपैस ठेवा, काटकोनात वाकवलेली काच आतल्या आत मोडते. पाइपात एक जादा नायलॉनची दोरी सोडून द्या, उद्या दुसरी केबल ओढायला कामी येईल. दोन्ही तोंडं बुजवा, नाहीतर उंदीर पहिल्याच पावसात आत बिऱ्हाड करतील. आणि पुरण्याआधी घरातच जमिनीवर पसरून दोन्ही कन्व्हर्टर जोडून बघा.

फायबर झालं म्हणून वीज फिरकणारच नाही, असं नाही. विजेच्या लाइनमधून ती येऊ शकते. गडगडाट सुरू झाला की दोन्हीकडचे प्लग काढायची सवय लावा.

खणायचं नसेल तर? छपरावरून छपरावर वायरलेस ब्रिज लावतात. दोन्ही टोकं एकमेकांना स्वच्छ दिसली तर तो उत्तम चालतो, पण तुमच्या मधे पोफळी आहेत आणि ओली पानं सिग्नल पितात. विजेच्या वायरीतून इंटरनेट नेणारे अडॅप्टरही मिळतात. एकाच मीटरवर असल्याने ते कदाचित चालतील, पण कॉम्प्रेसर सुरू झाला की अडखळतील. आणि रिपीटर? जिथे मुळात सिग्नल अशक्त, तिथून तो अशक्तच पुढे पाठवतो. त्यात चिऱ्याची जाड भिंत आणि वर पत्रा.

जुना राउटर टाकू नका, गॅरेजात तोच लावा. त्याचं डीएचसीपी (जोडलेल्या फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि त्याला मुख्य राउटरच्याच मालिकेतला पण वेगळा पत्ता द्या, म्हणजे मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. कन्व्हर्टरची वायर वॅनच्या (बाहेरचं इंटरनेट घ्यायच्या) नव्हे, लॅनच्या (घरातली यंत्रं जोडायच्या) भोकात घाला. वायफायचं नाव आणि पासवर्ड घरातलेच ठेवलेत की फोन आपोआप जोडला जाईल. राउटर शटरच्या आतल्या बाजूला लावा, मग शटर उघडं असो की ओढलेलं, फरक पडणार नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर घरातला कन्व्हर्टर त्यावर घ्या, गॅरेजातल्या कन्व्हर्टरला आणि राउटरला छोटा यूपीएस द्या. लाइट गेल्यावर एकच टोक जिवंत राहिलं तर मुलाला काही उपयोग नाही.