वाचक विचारतात : ओल्या वाटेवरचे दोन दिवस

पावसातल्या ट्रेकबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : भिजायचं कसं टळेल? सहा-सात तास पावसात चालायचं तर भिजणं टळत नाही. भिजूनही गारठायचं नाही आणि अंधाराच्या आत मुक्काम गाठायचा, एवढं मात्र जमवता येतं. खालची उत्तरं त्याच हिशेबाने वाचावीत.

प्रश्न : आम्ही सहा जण शनिवार-रविवार एका डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत. पहिल्या दिवशी १२ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ आहे. पाऊस नक्की आहे. वेळ किती धरावा?

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ढोबळ हिशेब मांडला. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. तुमच्या वाटेला तो लावला तर अंतराचे २ तास २४ मिनिटं आणि चढाचा दीड तास, म्हणजे जेमतेम चार तास होतात. पण हा वेग धडधाकट माणसाचा, बऱ्या वाटेवरचा आणि न थांबता चालण्याचा. चिखल, निसरडे दगड आणि सहा जणांची टोळी असेल तर त्याची दीडपट करा, वर थांब्यांचा पाऊण-एक तास धरा. सात तास झाले. सकाळी ७ ला निघालात तर दुपारी २ ला पोचाल. ९ ला निघालात तर ४ वाजतील, आणि दाट ढगांत तेव्हाच सांज झाल्यासारखी वाटते. नेस्मिथ यांच्या हिशेबात उताराला वेगळा वेळ नाही. ओल्या, तीव्र उताराला चढाइतकाच वेळ लागला तर नवल मानू नका.

मागे फिरायची वेळ निघण्याआधी ठरवा आणि सहाही जणांसमोर बोलून ठेवा. उदाहरणार्थ, ‘११ पर्यंत खिंडीत पोचलो नाही तर परत’. वर गेल्यावर हा विषय निघत नाही. प्रत्येकाला वाटतं, परत फिरू असं दुसऱ्या कुणीतरी म्हणावं.

प्रश्न : महागडं वॉटरप्रूफ जॅकेट घेतलं, तरी दोन तासांत आतून ओला होतो. जॅकेट सदोष आहे का?

बहुतेक वेळा तो घाम असतो. अशा जॅकेटमधलं मेम्ब्रेन, म्हणजे कापडाच्या आतला पातळ पडदा, पाणी अडवतं आणि वाफ बाहेर सोडतं. पण आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि दमट असेल तरच वाफ बाहेर ओढली जाते. बाहेर हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर हा ओघ मंदावतो. शिवाय जॅकेटच्या वरच्या कापडाला पाणी झटकणारा लेप असतो. तो झिजला की कापड पाणी पितं, त्यावर ओली साय धरल्यासारखं होतं आणि वाफेची वाट बंद होते. जॅकेट कुठेही गळत नसतं, तरी आपण चिंब.

घरी नळाखाली पाहा. पाण्याचे मणी होऊन ओघळले तर लेप ठीक आहे. कापड गडद होऊन डाग पसरला तर आधी जॅकेट धुवा, कारण घाम आणि मळानेही लेप झाकला जातो. सौम्य द्रव साबण वापरा, कपडे मऊ करणारं द्रावण अजिबात नको, आणि दोनदा खळबळून काढा. मग लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर साधारण २० मिनिटं, किंवा वर कापड ठेवून कोमट इस्त्री. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तरीही पाणी मुरत असेल तर लेपाचा फवारा आणून नव्याने मारावा लागेल.

चालतानाची खरी युक्ती सोपी आहे. निघताना थोडं थंड वाटेल इतकेच कपडे ठेवा. दहा मिनिटांत अंग तापतं. चढावर काखेतल्या चेन उघडा. सुती बनियन घरीच राहू द्या, तो पाणी धरून ठेवतो आणि वाळता वाळत नाही. काठ्या वापरत असाल तर जॅकेटच्या बाह्यांचे मनगटाजवळचे पट्टे आवळा, नाहीतर हात वर केला की पाणी कोपरापर्यंत जातं. गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावरून पोटरीभोवती बांधायचं आवरण, पावसाळी पँटच्या आत घाला. बाहेरून घातले तर पँटवरून ओघळणारं पाणी थेट बुटात उतरतं.

प्रश्न : सॅकला रेन कव्हर आहे. पुरेल ना?

नाही. कव्हर पाठीची बाजू झाकत नाही, आणि मानेवरून उतरणारं पाणी तिथूनच आत शिरतं. वाऱ्याने कव्हर उडतं, ते वेगळंच. ४० लिटरच्या सॅकमध्ये ६० ते ७० लिटरची जाड प्लास्टिक पिशवी आतून लावा, सामान त्यात भरा, तोंड पिळून दुमडून खाली दाबा. झोपायची पिशवी आणि रात्रीचे कपडे त्याच्याही आत वेगळ्या पिशवीत. रात्रीचा हा जोड वाटेत काढायचा नाही. सकाळी ओले मोजे पुन्हा चढवणं जिवावर येतं, पण कोरडे चढवलेत तर दुसऱ्या रात्रीला काहीच उरत नाही.

प्रश्न : जुने, फारसे न वापरलेले ट्रेकिंग बूट कपाटात आहेत. चालतील का?

आधी तपासा. पुष्कळ बुटांच्या तळव्यातला मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो वर्षानुवर्षं आतून कुजत जातो, बूट वापरला नाही तरीही. वरून नवाकोरा दिसणारा बूट अर्ध्या वाटेत सोल सोडतो तो यामुळे. बोटाने दाबून पाहा, भेगा पडल्या किंवा भुकटी सुटली तर तो बूट नेऊ नका. थर शाबूत वाटला तरी आधी घराजवळ दोन-तीन तास चालून बघा. सॅकमध्ये दोन मीटर दोरी आणि चार-पाच केबल टाय असू द्या, निघालेला सोल त्यांनी बांधून खाली उतरता येतं.

बूट भिजले तर आतला तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. शेकोटीशेजारी ठेवलेल्या बुटाचा गोंद सुटतो.

प्रश्न : भिजल्यावर कुडकुडणं आणि धोक्याचं गारठणं यात फरक कसा ओळखायचा? शून्याखालचं हवामान नसताना घाबरायचं कारण आहे का?

आहे. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया. त्यासाठी बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा, रिकामं पोट आणि थकवा एकत्र आले की १० अंशांतही तो गाठतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. पायथ्याशी सुखद वाटणारी सर वर गेल्यावर वेगळीच असते.

नुसतं कुडकुडणं म्हणजे शरीर अजून लढतंय. खरी चिन्हं वागण्यात दिसतात. चेन लावता येत नाही, पाय अडखळतात, बोलणं जड होतं, माणूस गप्प किंवा चिडका होतो. ‘मी ठीक आहे’ या उत्तरावर विसंबू नका. अंग थंडगार असताना कुडकुडणं थांबलं तर ती सुधारणा नव्हे, परिस्थिती बिघडल्याची खूण आहे.

अशा वेळी पहिलं काम वाऱ्यापासून आडोसा. मग खाली जाड थर घाला, सॅक किंवा मॅट काहीही चालेल, कारण ओली जमीन ऊब ओढून घेते. ओले कपडे काढून कोरडे चढवा, टोपीसह. वर झोपायची पिशवी, आणि तिच्याबाहेरून प्लास्टिक. चकचकीत आपत्कालीन चादर एकटी पुरत नाही, ती थरांवरचा शेवटचा थर. माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तर कोमट गोड पेय आणि खाणं द्या. हातपाय चोळू नका, मद्य मुळीच नको, दारूने त्वचेकडचं रक्त वाढून उष्णता आणखी निघून जाते. बोलणं असंबद्ध झालं किंवा कुडकुडणं थांबलं तर त्याला आडवं ठेवा, चालवू नका आणि मदत बोलावा. फोन लागत नसेल तर शिट्टी : एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर येतं ते मिनिटाला तीन वेळा.

प्रश्न : सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा परतताना गुडघ्यापर्यंत आला तर दोरी बांधून ओलांडावा का?

दोरी कमरेला बांधून तर कधीच नाही. पाय घसरला की ताणलेली दोरी माणसाला पाण्याखाली दाबून धरते. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला की जोर चौपट. वेगवान पाणी गुडघ्यावर असेल, गढूळ होऊन तळ दिसत नसेल, फांद्या वाहत असतील किंवा तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर ओलांडू नका. पाऊस ओसरला की लहान ओढे काही तासांत उतरतात. थांबणं किंवा लांबच्या वाटेने पुलाकडे जाणं, दोन्ही चालेल.

पाणी गुडघ्याखाली असेल आणि जायचंच असेल तर रुंद, उथळ जागा शोधा. खालच्या अंगाला धबधबा किंवा अडकलेली झाडं नकोत. बूट घालूनच उतरा, सॅकचा कंबरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकता येईल. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, आणि एका वेळी एकच टेकू, पाय किंवा काठी, हलवायचा.

प्रश्न : ढग गडगडू लागले तर तंबूत शिरावं का?

तंबू विजेपासून वाचवत नाही. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर धार, माथा आणि एकटं झाड सोडून खाली उतरा. पक्की इमारत किंवा बंद गाडी जवळ असेल तर उत्तम. नसेल तर एकमेकांपासून अंतर ठेवा, म्हणजे वीज पडलीच तर मदत करायला कुणीतरी उरतं. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबून मगच पुढे.

प्रश्न : फोनवर नकाशा आहे, मग कागदी कशाला?

ओल्या काचेवर बोट चालत नाही आणि थंडीत बॅटरी पटकन उतरते. नकाशा आधी डाउनलोड करा, फोन विमान मोडवर छातीशी ठेवा, आणि कागदी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत दोघांकडे असू द्या. चार्जिंगचं भोक ओलं असेल तर पॉवर बँक जोडू नका.